आजीच्या गोळ्यांची पाकिटं आणि डिझाईनचं करिअर

प्रश्न : मी नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला सुपरवायझर आहे, राहायला सिडकोत. मुलगी बारावी सायन्सला आहे. इंजिनीअरिंग करेल असं आम्ही धरून चाललो होतो. आता म्हणते, डिझाईनच करायचं, तेही ‘माणसाला आपलं वाटेल असं’. आम्हाला डिझाईन म्हणजे फ्लेक्स आणि लग्नपत्रिका एवढंच ठाऊक. कॉलेज रोडच्या एका क्लासने ग्राफिक डिझाईनच्या कोर्सची भरमसाट फी सांगितलीय, आणि इकडे एआय मिनिटात लोगो काढून देतं म्हणतात. घरी तिची काही ना काही खटपट चालू असते. मध्यंतरी माझ्या आईच्या गोळ्यांच्या पाकिटांवर उगवता सूर्य, दुपारचा सूर्य आणि चंद्र काढून ठेवला, कारण आईला वाचता येत नाही. पण हौसेवर पोट भरतं का?

उत्तर : नमस्कार. पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलीत. गोळ्यांची पाकिटं.

पण एक लिहायचं राहिलं. आजींनी ती पाकिटं वापरली का? उगवता सूर्य आणि दुपारचा सूर्य यांतला फरक कमी दिसणाऱ्या डोळ्यांना कळतो का? मुलीला सांगा, आठवडाभर गोळ्यांच्या वेळी आजींजवळ बसायचं आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. आजी ‘ही कुठली गं?’ असं विचारत असतील, तर चित्र कितीही सुरेख असलं तरी काम फसलं. मग दुपारचं पाकीट चौकोनी करावं, कोपरा कापावा किंवा दोरा बांधावा, म्हणजे हाताला कळेल. पुन्हा बसून बघावं. माणसाला मध्यभागी ठेवून केलेलं डिझाईन म्हणतात ते हेच. त्यात चित्रकला लागते, पण त्याहून जास्त लागतो गप्प बसून बघण्याचा संयम. तो तिच्यात आहे की नाही, हे या आठवड्यात कुठल्याही कलचाचणीपेक्षा बरं कळेल.

हे जग तुम्हाला परकं नाही. टूलरूममध्ये पार्ट उलटा बसूच नये म्हणून तुम्ही फिक्श्चरला, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या चौकटीला, पिन लावता. टोयोटात शिगेओ शिंगो यांनी १९६०च्या दशकात रुजवलेलं पोका-योके, म्हणजे चूक होऊच न देणारी मांडणी, तुम्हाला मी काय शिकवणार! चूक कामगाराची नाही, मांडणीची आहे, असं मानून केलेलं ते काम. प्रॉडक्ट डिझाईनचा निम्मा पाया तोच आहे. मुलगी तुमच्याच वाटेवर आहे, फक्त तिचा ‘ऑपरेटर’ म्हणजे तिची आजी.

‘आपलं वाटेल असं’ हा तिचा शब्दप्रयोग मला आवडला, पण त्यात एक खड्डा आहे. ऊबदार डिझाईन म्हणजे गोंडस चेहरे, फिके रंग आणि बदाम, अशी समजूत इंटरनेटवर बोकाळली आहे. तिला जयपूर फूटबद्दल वाचायला सांगा. १९६८च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्र. क. सेठी यांनी तो पाय घडवला. त्या वेळचा परदेशी बनावटीचा कृत्रिम पाय बुटाशिवाय वापरता येत नसे. आपला माणूस मांडी घालतो, उकिडवा बसतो, अनवाणी शेतात उतरतो. रबराचा हा पाय त्याला ते सगळं करू देतो. दिसायला त्यात गोडवा काही नाही, पण माणूस पंगतीत बसू शकतो. आपुलकी म्हणतात ती याला.

ग्राफिक आणि ब्रँडच्या बाजूलाही तेच. दिंडोरी, निफाडकडच्या द्राक्षांच्या खोक्यांवर, मसाल्यांच्या पुड्यांवर बघा: इंग्रजी नाव सुबक आणि मराठी मजकूर कोपऱ्यात कसाबसा कोंबलेला. देवनागरी अक्षरावर जीव लावून काम करणारे थोडे आहेत. दिवंगत सुलेखनकार र. कृ. जोशी त्यांतले मोठे. विंडोजमधला ‘मंगल’ फाँट त्यांचा. मुंबईच्या ‘एक टाईप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बलू हे फाँट फुकट मिळतात. ते घेऊन ओळखीच्या बचत गटाच्या एखाद्या पापडाच्या पुड्याचं लेबल आधी मराठीत आणि मग इंग्रजीत मांडून पाहावं. ही उलटी सवय पुढे फार उपयोगी पडेल.

आता क्लास. पैसे भरू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे सॉफ्टवेअर शिकवतील, आणि एआयचा धक्का नेमका त्याच कामाला बसतोय. सांगितला तसा फ्लेक्स, सांगितला तसा लोगो, ही कामं कमी होणार. पण आजींना तीन नव्हे, दोनच गोळ्या दुपारी आहेत, आणि त्या शेजारणीकडे असताना घ्यायच्या असतात, हे बघून कोणीतरी आधी समजून घ्यावं लागतं. चित्र मग मशीनकडून काढून घेतलं तरी चालेल.

प्रवेशासाठी मुख्य वाटा तीन. आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, डिझाईनच्या पदवीची (बीडेस) प्रवेश परीक्षा : कुठल्याही शाखेची बारावी चालते, फॉर्म साधारण ऑक्टोबरात, परीक्षा जानेवारीत. एक भाग संगणकावर, दुसरा कागदावर चित्रांचा. लागोपाठच्या वर्षांत दोनदाच देता येते, म्हणून ‘बघू सहज’ म्हणून बसवू नका. तिथल्या डिझाईन विभागाचं, आयडीसीचं, काम १९६९पासून चालू आहे. दुसरी एनआयडीची, म्हणजे राष्ट्रीय डिझाईन संस्थेची, प्रवेश परीक्षा डॅट. अहमदाबादची ही संस्था १९६१ची. प्रिलिम्सनंतर मेन्समध्ये हाताने काम करून दाखवावं लागतं. तिसरी, अप्लाइड आर्टच्या बीएफए या कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी. खासगी कॉलेजं भरपूर आहेत, पण चार वर्षांची एकूण फी, होस्टेलसकट, कागदावर मांडल्याशिवाय माहितीपत्रकातल्या फोटोंना भुलू नका.

यूसीड जमली नाही तर आभाळ कोसळत नाही. नाशिकलाच मेकॅनिकल करून पुढे सीड ही प्रवेश परीक्षा देता येते आणि आयडीसीसारख्या ठिकाणी एमडेसला, म्हणजे डिझाईनच्या पदव्युत्तर शिक्षणाला, जाता येतं. इंजिनीअरिंग करून डिझाईनला आलेले तिथे पुष्कळ असतात. तुमची इच्छा आणि तिची इच्छा एकाच रांगेत बसवणारी ही वाट आहे, पण ती तिच्यावर लादू नका. आधी यूसीडची एक प्रामाणिक तयारी करू द्या.

एखाद्या रविवारी, कारखान्याची परवानगी मिळाली तर, तिला टूलरूम दाखवा. फिक्श्चर हातात देऊन विचारा, इथे पिन का असेल? आणि महागडा लॅपटॉप आत्ता घेऊ नका. प्रवेश झाला की कोणता लागेल ते तिथले शिक्षक सांगतील. तोवर पेन्सिल, कोरे कागद आणि घरातल्या माणसांकडे बघायला थोडा वेळ एवढंच सामान पुरे.