कार्यशाळेत सुचतं, घरी सुचत नाही

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझं पत्र मिळालं. वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहेस. सुट्टीत दोन दिवसांची कथालेखन कार्यशाळा केलीस. तिथे आजीच्या कायम कुलूप असलेल्या कपाटावर एका बैठकीत चार पानं लिहून झाली आणि सगळ्यांनी मनापासून दाद दिली. घरी आल्यापासून मात्र वही उघडून बसतेस आणि काहीच सुचत नाही. म्हणून सर्जनशील लेखनाचा वर्षभराचा महागडा अभ्यासक्रम करावा का, असं विचारतेस. आधी नोकरी बघ, असं बाबा म्हणतात. आणि पत्राच्या अगदी शेवटी तू लिहिलं आहेस, "प्रेरणाच येत नसेल, तर मी लेखिका नाहीच का?"

या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तोच तुला जास्त छळतोय. चार महिने सुचलं नाही, एवढ्यावरून काहीही ठरत नाही. कार्यशाळेत जिने चार पानं लिहिली आणि घरी जी रिकामी बसते, ती मुलगी एकच आहे. बदलली ती परिस्थिती.

तिथे काय काय होतं ते आठव. विषय दुसऱ्याने दिला होता आणि तो अगदी छोटा होता: घरातली एक वस्तू, जिला हात लावायला मनाई आहे. वेळ ठरलेली होती. लिहिलेलं थोड्या वेळाने सगळ्यांसमोर वाचायचं होतं, म्हणजे ऐकणारं कोणीतरी नक्की होतं. घरी यातलं काहीच नसतं. तू "काहीतरी चांगलं लिहायचं" असं ठरवून बसतेस. हा विषय होऊच शकत नाही, त्याला कुठूनही हात घालता येत नाही.

बंधन घातलं की कल्पना मरते, असा समज फार पसरलेला आहे. लेखनात बहुतेकदा याच्या उलट घडतं. १९६० मध्ये रेमों क्नो आणि फ्रांस्वा ल लिओने यांनी फ्रान्समध्ये 'उलिपो' नावाचा गट स्थापन केला. मुद्दाम कडक नियम घालून घ्यायचे आणि त्यांच्या आत लिहायचं, हेच त्यांचं काम. या गटातल्या जॉर्ज पेरेकने फ्रेंचमध्ये सर्वांत जास्त येणारं अक्षर पूर्णपणे टाळून अख्खी कादंबरी लिहिली, ती १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. इतकं टोक तुला गाठायचं नाही. पण "दोन माणसं, एक खोली, दोघांपैकी एकजण खोटं बोलतोय, एक पान" एवढी चौकट घातलीस, तरी मन लगेच कामाला लागतं. कोण खोटं बोलतंय? का? समोरच्याला ते कळलंय का? असे प्रश्न पडू लागले की लिहायला सुरुवात झालेलीच असते. अशा चौकटी रविवारी बसून आठवडाभराच्या लिहून ठेव. लिहायला बसल्यावर विषय शोधायचा नाही. ती दोन कामं वेगळी आहेत आणि एकत्र केली की दोन्ही बिघडतात.

टिपणवही ठेवतेस का, ते पत्रात नाही. ठेवत नसशील तर आजपासून ठेव. तिच्यात विचार आणि सुभाषितं भरू नकोस. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं लिही. कोणी बोलता बोलता मध्येच गप्प झालं, तर कोणत्या शब्दाला ते लिही. न उलगडलेली वागणूक लिही: एखादी बाई निरोप घेते, दारापर्यंत जाते आणि परत येऊन बसते. कथेचं बीज बहुधा अशाच ठिकाणी असतं, जिथे आपल्याला कारण माहीत नसतं. तुझ्या कपाटाची चार पानं जमली, तीही त्यात काय आहे हे तुला ठाऊक नव्हतं म्हणून, असं मला वाटतं.

आता सवयीबद्दल. एकोणिसाव्या शतकातले इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलोप ब्रिटिश टपाल खात्यात नोकरी करत पहाटे लिहायला बसत. समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द, हा त्यांचा शिरस्ता. १८६७ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडली. एकूण ४७ कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. हा वेग मी तुला सांगणार नाही, पण ठरलेल्या वेळी बसणं जरूर सांगेन. अमेरिकी लेखिका ऑक्टेव्हिया बटलर हे उदाहरण तुला जास्त जवळचं वाटेल. १९७० मध्ये त्या 'क्लॅरियन' या विज्ञानकथा लेखकांच्या कार्यशाळेला गेल्या. पहिली कादंबरी आली ती १९७६ मध्ये. मधल्या काळात भांडी घासण्यापासून फोनवरून विक्री करण्यापर्यंत मिळेल ते काम त्या करत होत्या आणि रात्री दोनला उठून लिहीत होत्या. प्रेरणेपेक्षा सवय जास्त भरवशाची, असं त्यांनी नंतर नवोदितांना सांगितलं. तुला रोजची वीस मिनिटं पुरतील. मात्र वेळ एकच असू दे आणि फोन दुसऱ्या खोलीत.

राहिला ऐकणारा. तुझ्याबरोबर त्या कार्यशाळेत असलेल्यांपैकी तिघा-चौघांना गाठ. पीटर एल्बो या अमेरिकी प्राध्यापकाने १९७३ मध्येच शिक्षकाविना चालणाऱ्या लेखनवर्गाची कल्पना मांडली होती. त्यात वाचणाऱ्याने निवाडा द्यायचा नसतो. वाचताना आपल्या मनात काय काय होत गेलं, तेवढंच सांगायचं: इथे उत्सुकता वाढली, इथे लक्ष उडालं, इथे कोण बोलतंय तेच कळलं नाही. अशा प्रतिक्रियेचा उपयोग "छान आहे"पेक्षा कितीतरी जास्त होतो. चौघांपैकी तिघे एकाच परिच्छेदावर अडखळले, तर तिथे खरोखर काहीतरी बिघडलेलं आहे. दुरुस्ती मात्र त्यांनी सुचवलेलीच करायची, असं नाही. ती तुझी तुला शोधावी लागते.

वर्षभराच्या अभ्यासक्रमाला माझा विरोध नाही. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० मध्ये सर्जनशील लेखनाची पदव्युत्तर पदवी सुरू केली. तिथूनच शिकलेल्या कादंबरीकार काझुओ इशिगुरो यांना २०१७ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. लेखन शिकवता येत नाही, हे विधान मला पटत नाही. निवेदक कोण असावा, प्रसंग कुठे तोडावा, संवादात काय न बोलता ठेवावं, पुनर्लेखन कसं करावं, हे नक्की शिकवता येतं. पण अशा वर्गाचा गाभा म्हणजे विद्यार्थ्याने आणलेली पानं. पानं आधी वाटली जातात, सगळे ती वाचून येतात आणि पारंपरिक पद्धतीत चर्चा होईपर्यंत लेखकाने गप्प राहायचं असतं. जिच्याकडे पानंच नाहीत, तिने पैसे कशासाठी भरायचे?

शुल्क भरण्यापूर्वी आयोजकांना स्पष्ट विचार: एका गटात किती जण? माझी पानं शिकवणारे स्वतः वाचणार का, वर्षभरात किती वेळा? पंधरापेक्षा जास्त जण असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला फार थोडं येतं. प्रमाणपत्राला महत्त्व देऊ नकोस, कथा स्वीकारताना संपादक ते मागत नाहीत. आणि "शेवटी तुमची कथा संग्रहात छापू" असं सांगून त्याचे वेगळे पैसे मागितले, तर तिथून निघ.

बाबांचं म्हणणं मला बरोबर वाटतं. ते तुझ्या लेखनाच्या आड येतंय असं समजू नकोस. कथा-कादंबरीवर घर चालवू शकणारे लेखक जगात कुठेही थोडेच. तुझ्या पदवीवर मिळणारी, ठरलेल्या वेळेला सुटणारी नोकरी लिहिणाऱ्याला फार सोयीची असते. शब्दांशी जोडलेलीच नोकरी हवी असेल, तर संपादन, अनुवाद, पटकथा, जाहिरात, तांत्रिक लेखन असे मार्ग आहेत. अर्थविषयक मजकूर सोप्या भाषेत लिहिणारे तर फारच कमी, आणि तिथे तुझं शिक्षणही कामी येईल. फक्त स्वतःला ओळखून निवड. दिवसभर दुसऱ्यांसाठी लिहिल्यावर संध्याकाळी काहींचा हात चांगला सैल झालेला असतो, काहींना मात्र एक ओळही नकोशी वाटते. महिना-दोन महिन्यांची उमेदवारी केलीस की तू कोणत्या गटातली आहेस ते कळेल.

अभ्यासक्रमाच्या प्रवेशाला अजून तीन महिने आहेत, असं तू लिहिलं आहेस. त्या काळात तीन कथा पूर्ण कर. चांगल्या नाही झाल्या तरी चालेल, शेवटापर्यंत गेलेल्या आणि एकदा तरी पुन्हा लिहिलेल्या हव्यात. पहिली त्या कपाटाचीच घे. मग मला कळव, किती झाल्या आणि प्रत्येक वेळी कुठे अडलीस. ती अडण्याची जागा त्या अभ्यासक्रमात शिकवतात का, ते आपण त्यांच्या विषयांच्या यादीशी ताडून बघू आणि मगच शुल्काचं ठरवू.