पार्किंगमधला चेंडू आणि दुपारची झोप

"मॅडम, पोरगं ऐकतच नाही. 'हळू बोल' म्हटलं की दोन मिनिटं गप्प, मग पुन्हा तेच. सगळी स्कीम आम्हाला नावं ठेवून राहिली."

नागपुरात मनीषनगरकडे एका स्कीममध्ये, म्हणजे फ्लॅटच्या सोसायटीत राहणाऱ्या, चार वर्षांच्या मुलाच्या आईचं हे गाऱ्हाणं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मे महिना, पारा ४५ च्या आसपास. ऊन उतरेपर्यंत बागेत जाणं शक्य नाही, म्हणून स्कीममधले पोट्टे दुपारी पार्किंगच्या सावलीत खेळत. पहिल्या मजल्यावरच्या काकाजींनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार टाकली आणि आईने मुलाला बाहेर सोडणंच बंद केलं. मग तो घरात सोफ्यावरून उड्या मारायला लागला. आता खालच्या फ्लॅटवाल्यांचीही कुरकुर!

मुलाशी खेळून पाहिलं. बोलका, खोडकर, गोष्ट सांगितली की रमणारा. काळजीचं काही दिसलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनानुसार या वयाला दिवसाकाठी किमान १८० मिनिटं हालचाल हवी, त्यातली तासभर तरी चांगली धावपळीची. ती कोंडली की कुठून तरी बाहेर पडणारच. शिवाय 'शांत बस' म्हणजे नेमकं काय करायचं, हे एवढ्याशा पोराला उमगत नाही. 'जिन्यात माझं बोट धर आणि पायऱ्या मोज' हे उमगतं.

आईला म्हटलं, ग्रुपवर उत्तर देऊ नका. मुलाला घेऊन काकाजींकडे जा आणि विचारा, त्रास कोणत्या आवाजाचा होतो, किती वाजता?

ती खूप कचरली, पण गेली. काकाजी म्हणाले, "ओरडू द्या हो त्यांना. तो चेंडू गेटवर आदळतो ना, त्याने दचकून जाग येते." मला यात नवल वाटलं नाही. कूलरच्या घरघरीत अख्खं नागपूर दुपारी घोरतं, कारण तो आवाज एकसारखा असतो. झोप मोडतो तो अवचित होणारा धाडकन आवाज.

मग ठरलं: दोन ते चार चेंडू बंद. त्या वेळात खडूने फरशीवर चित्रं, नाहीतर कॅरम. खरी पळापळ सकाळी ऊन चढायच्या आत आणि संध्याकाळी. कुठे शांत बसायचं असेल, लग्नात किंवा देवळात, तर आधी त्याला धावू द्यायचं.

आईचं स्वतःचं एक वेगळंच होतं. कुणी बघत असलं की ती गॅलरीतून "ओरडू नकोस!" असं मुलापेक्षा मोठ्याने ओरडायची. लोकांना ऐकू जावं म्हणूनच, हे तिनेच हसत कबूल केलं. आता ती खाली उतरून त्याच्याजवळ जाते.

चेंडू अजूनही कधीमधी गेटवर बसतोच. काकाजी गॅलरीतून थेट पोट्ट्यांनाच हाक मारतात. लिफ्टचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. सगळी बटणं दाबायचा मोह त्याला आवरत नाही, म्हणून सध्या मायलेक जिन्यानेच चढतात.