साखर किती, हे आधी विचार

प्रिय पोरी,

शुक्रवारी नागपुरात वर्धा रोडवरच्या जेलच्या फाटकाशी, सुटून येणाऱ्या बाईला घ्यायला तू पहिल्यांदा एकटी उभी राहशील, म्हणून लिहिते.

कागदांचं पटकन सांगून टाकते. ती जामिनावर सुटली असेल तर कोर्टाची पुढची तारीख त्याच दिवशी पाठ करून घे. तारीख चुकली की वॉरंट निघतं. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात ने. १९८७च्या कायद्याने बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. राहायला जागा नसेल तर शक्ती सदनात, म्हणजे बायकांच्या सरकारी निवाऱ्यात, चौकशी कर. आधार, रेशनकार्ड, पासबुक सासरी अडकलेलं असतं, ते मागायला तिला एकटीला पाठवू नकोस.

खरं काम वेगळंच आहे. आत सगळं ठरलेल्या वेळी चालतं. उठणं, कैद्यांची गिनती, जेवण, संध्याकाळी बरॅक बंद. वर्षानुवर्षं तिला काय हवं ते कोणी विचारलेलं नसतं. एकीला मी राहाटे कॉलनी चौकातल्या टपरीवर विचारलं, साखर किती? ती नुसती कपाकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "कशीबी चालते मले." डोक्यावरून मेट्रो गेली तशी दचकली, ती आत गेली तेव्हा मेट्रो नव्हती. घरी आल्यावर ती दाराशीच थांबली. दार नुसतं लोटलेलं होतं, कडी नव्हती. मी ढकलेपर्यंत तिने हात लावला नाही.

अशा बाईसाठी सगळं आपणच ठरवून टाकायचा मोह होतो. मीही तेच केलं. वर्गणी काढून तिला शिलाई मशीन घेऊन दिली. दोन महिने मशीनवरचा कपडाही निघाला नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. शेवटी तीच बोलली, "ताई, आतमधे इतकी वर्षं शिवूनच राहिली होती मी. मशीनचा आवाज आला का पोटात गोळा येते." मी हे आधी विचारलंच नव्हतं. तिला भाजी विकायची होती. मशीन विकून हातगाडी घेतली. आता पहाटे कॉटन मार्केटला जाऊन सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या ती स्वतः निवडून घेते, भावही तीच पाडते.

"चल, घरी सोडते" असंही म्हणू नकोस. नवरा आत असला की बायको उसनवारी करून मुलाखतीला, म्हणजे जेलमधल्या भेटीला, येते. बाई आत गेली की पुष्कळदा सासर सोड, माहेरचंही कोणी फिरकत नाही. घर कुठलं, ते तिला सांगू दे.

आणि मूल. सहा वर्षांपर्यंत ते आईजवळ आत राहू शकतं, मग बाहेर पाठवतात. सुटल्यावर ती आधी त्याचंच विचारेल. पण पहिल्याच दिवशी भेट घडवू नकोस. एका मुलाने आईला "मावशी" म्हटलं होतं. ती हसली आणि नंतर दोन दिवस जेवली नाही. आधी फोनवर बोलणं होऊ दे, मुलाला सांभाळणाऱ्या आजीशी तू बोल. भेट कधी, ते आई आणि मूल दोघांना विचारून ठरव.

त्या दिवशी नव्या चपला आण. पण घेण्याआधी तिचं माप विचारून घे. मी उद्या मुलाखतीला जाते आहे, रंगही विचारून येते.

तुझी,
ताई