पुरात खराब झालेलं जुनं चर्च पाडावं की दुरुस्त करावं?

तुमचा प्रश्न वाचला. दगडी चर्च पुरात बुडलं, तेव्हापासून कुलपात आहे, मंडळी (म्हणजे चर्चचे सभासद) थोडी, फंड नाही, आणि इंजिनिअर म्हणतोय पाडा आणि आरसीसी हॉल बांधा. मी कोल्हापूरचा. नदीकाठचं आमचं चॅपल (लहान चर्च) 2019 च्या पुरात बुडालं आणि सावरतोय तोवर 2021 ला परत पाणी आलं. आमच्या पंचगंगा नदीची राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी 43 फूट आहे, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलेलं, त्यामुळं पुलपीट (प्रवचनाचा ओटा), बाकं, बाजाची पेटी सगळं पाण्यात होतं. आज तिथं दर रविवारी उपासना होते. माझं मत विचाराल तर पाडू नका, आणि सगळ्यात आधी कुलूप काढा.

कुलूप काढा म्हणतोय ते दोन्हीसाठी, भिंतींसाठी आणि माणसांसाठी. दोन-दोन फुटी दगडी भिंत आतपर्यंत पाणी पिऊन बसते, ती वारं लागल्याशिवाय वाळत नाही, दारं-खिडक्या बंद ठेवल्या की आत बुरशी आणि लाकडाला वाळवी. आणि माणसांचं म्हणाल तर चर्च बंद राहिलं की कोण शहरातल्या मोठ्या चर्चला जायला लागतं, कोण घरीच बसतं, संडे स्कूलची पोरं तर विसरूनच जातात. आमचे पाळक (चर्चचे धर्मगुरू) यावर फार ठाम होते. छपराखाली उभं राहणं धोक्याचं होतं म्हणून अंगणात ताडपत्री बांधली आणि उपासना तिथंच, प्रभुभोजन पण तिथंच. वाशांना बाक आला असेल तर तुम्ही पण आत बसू नका, पण जागा सोडू नका.

गाळ काढायला आमच्या पंचांना वाटलं मजूर लावावे लागतील, पण गल्लीतल्या तालमीची पोरं फावडी घेऊन स्वतःहून आली. त्यात आमच्या मंडळीतलं एकही नव्हतं, आणि दुपारच्या भाकरी आसपासच्या घरांतनं येत होत्या. हे आठवलं की अजून भरून येतं. तुम्ही पण शेजाऱ्यांना हाक मारा, चर्च म्हणजे फक्त ख्रिस्ती लोकांचं काम असं समजून गप्प बसू नका.

आता मुख्य, भिंती. 1852 ला अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब कोल्हापुरात आले, त्यानंतर आपल्याकडं मिशनच्या ज्या इमारती झाल्या त्यातल्या बऱ्याच जुन्या इमारती काळ्या दगडात आणि चुन्यात आहेत. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं. आमच्या भिंतींना पूर्वी कधीतरी कुणीतरी सिमेंटचं प्लास्टर मारलेलं, त्याच्या मागं ओल अडकून लोणा फुटलेला, क्षार बाहेर येताना प्लास्टरचे पापुद्रे सुटत होते आणि सांध्यातला चुना पिठासारखा गळत होता. लोक बघून म्हणायचे भिंत संपली. भिंत ठणठणीत होती, वरचं प्लास्टर संपलं होतं. ते सगळं खरवडून काढलं, एक आख्खा उन्हाळा भिंती उघड्या ठेवल्या, मग चुना, वाळू आणि सुरखी (म्हणजे भाजलेल्या विटेची भुकटी) कालवून दरजा (दगडांमधले सांधे) भरल्या. सुरखीमुळं चुना ओलीतसुद्धा धरतो. आमच्या म्हाताऱ्या गवंड्यानं गूळ आणि हिरड्याचं पाणी पण घातलं, गुळाला कोल्हापुरात काय तोटा. कळीचा चुना पाण्यात विरवताना तो उकळतो, लहान पोरांना लांब ठेवा आणि डोळ्यांना चष्मा लावा. वरनं फक्त चुन्याचा हात द्या. ऑइल पेंट किंवा प्लॅस्टिक पेंट कुणी फुकट दिला तरी घेऊ नका.

छपराची मंगलोरी कौलं उतरवून धुतली आणि चांगली तेवढी परत चढवली. बासेल मिशन या युरोपातल्या ख्रिस्ती संस्थेनं 1865 ला मंगलोरात कौलांचा कारखाना काढला, तिथनं ही कौलं सगळीकडं गेली, म्हणून मला ती पत्र्यानं बदलायची अजिबात इच्छा नव्हती. छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्या टिकल्या होत्या, भिंतीत गेलेली टोकं तेवढी कुजली होती, ती सुतारानं कापून नवीन जोड दिला.

बाप्तिस्म्याची आणि लग्नाची जुनी रजिस्टरं भिजली असतील तर उन्हात टाकू नका, पानं चिकटतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते, मग एकेक काढून टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा. तुमचं पाणी जुनं झालंय, तरी कागदपत्रांच्या पेटीत ओलसर काही राहिलंय का ते आधी बघा, कारण भिंत परत बांधता येते, आजोबा-पणजोबांची नोंद परत मिळत नाही.

पैशाचं सांगतो. आम्ही एकदम मोठा आकडा जाहीरच केला नाही, एकेक काम धरलं, आधी छप्पर, मग भिंती, मग फरशी. हंगामाच्या सणाला (पीक आल्यावर चर्चमध्ये अर्पण आणतात तो सण) लिलावात एकेक भोपळा लोकांनी चढाओढीनं घेतला, महिला मंडळानं घरोघरी डबे ठेवले. पण काम सुरू करायच्या आधी जागा कुणाच्या नावावर आहे ते काढा, बऱ्याच ठिकाणी ती मिशनच्या ट्रस्टच्या नावावर असते आणि त्यांची लेखी परवानगी लागते. प्रत्येक अर्पणाची पावती फाडा, धर्मादाय आयुक्तांकडं हिशोब द्यावा लागतो. बाहेरच्या देशाचा पासपोर्ट असलेला कुणी पैसे पाठवतो म्हणाला तर एफसीआरए (परदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी) लागतो, त्याशिवाय एक रुपया घेऊ नका. भारतीय पासपोर्टवाले नातेवाईक तिकडनं स्वतःच्या बचतीतनं देत असतील तर तो प्रश्न येत नाही.

तुमच्या भिंतींना सिमेंट आहे की चुना, आणि छप्पर कौलारू की पत्र्याचं ते खाली लिहा, भिंतीचा जवळनं काढलेला फोटो पण टाका. आमचे गवंडी आता थकलेत पण त्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा बाहेरगावी कामं घेतो, त्याला विचारून सांगतो.