पॅटर्न बदलला की नॉब फिरवूनही आवाज बदलत नाही. सिक्वेन्सर बिघडलाय का? आणि माऊसने सगळं होत असताना नॉब हवेतच कशाला?

बिघडलेला नाही, दुकानात नेऊ नका. सिक्वेन्सर म्हणजे ठोके ओळीने साठवून तेच फिरून फिरून वाजवणारं यंत्र, आणि साठवलेली अशी एक ओळ म्हणजे पॅटर्न. नव्या पॅटर्नमध्ये साठवलेली किंमत वेगळी असते, नॉब मात्र आधीच्या जागीच उभा असतो. फिरवत फिरवत तुम्ही ती किंमत गाठेपर्यंत यंत्र दाद देत नाही. याला पिकअप म्हणतात. सेटिंगमध्ये जंप निवडलंत तर हात लागताच आवाज नॉबच्या जागी उडी मारेल. लोकांसमोर वाजवताना पिकअप, घरी काहीही.

दुसरा प्रश्न मात्र झोंबला. आमचे काका दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, हेच ऐकवतात. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमचं मूळ घर, आरतीला घुमट, म्हणजे मडक्याचं तालवाद्य, काकांचं. २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं, तेव्हापासून तर त्यांच्यापुढे बोलायची सोय नाही. माझं यंत्र म्हणजे हणजूण-वागातोरच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांचा धांगडधिंगा, असं त्यांचं ठाम मत.

एका चवथीला घुमटाच्या साथीचं शामेळ हे तालवाद्य वाजवणारा तापाने पडला. मी माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळा-पानांच्या चौकटीखाली, सिक्वेन्सर मांडला. आरती सहा मात्रांच्या दादऱ्यात, यंत्र १६ पायऱ्यांचं, म्हणजे एका फेरीत ठोक्यांच्या १६ जागा. म्हणून शेवटची पायरी १२ वर आणली, मात्रेला दोन पायऱ्या. काका म्हणाले, "बटणं दाबायला वादक कशाला, एक बोट पुरे." आणि मुद्दाम लय चढवली! आरती चढते हे मान्य, पण एवढी? माझा डावा हात टेम्पोच्या, म्हणजे लयीच्या, नॉबवर, उजव्याने सम असलेलं बटण दाबून धरलं आणि त्याच हाताच्या अंगठ्याने पिचचा, म्हणजे स्वराच्या उंचीचा, नॉब खाली घेतला. बऱ्याच यंत्रांवर पायरीचं बटण धरून नॉब फिरवला की फक्त तेवढाच ठोका बदलतो, बाकीचे जसेच्या तसे. सम खाली बसली, आरती शेवटपर्यंत गेली, झांजवाले पोरगे खूश. काकांनी प्रसाद घेतला आणि ते दुसऱ्याच विषयावर बोलू लागले.

आता मला सांगा, काका घुमटाच्या मागच्या तोंडावर डावा तळवा उघडझाप करतात, त्यानेच आवाज घुमतो. आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणाऱ्या फिल्टरच्या कटऑफ नॉबवर माझा हात तेच काम करतो. त्यांची ती कला आणि माझं ते बटण दाबणं? माऊसने वक्ररेषा काढता येते, हवी तेवढी गुळगुळीत. पण समोरचा लय चढवतो तेव्हा तुम्ही रेषा काढत बसणार का? १९८० च्या टीआर-८०८ या ड्रम मशीनवर १६ बटणं ओळीने ठेवली आहेत ती शोभेला नव्हे, चालू तालात ठोका घालता-काढता यावा म्हणून.

तेव्हा आठवडाभर स्क्रीन बंद ठेवा. एकच पॅटर्न लावा, टेम्पो, कटऑफ आणि डिके (ठोका किती वेळात विरतो ते) एवढेच नॉब हाताळा. स्विंग, म्हणजे एकाआड एक ठोका जरा मागे ढकलणं, नंतर. दादऱ्यात तो आधी समजतही नाही.

हो, काकांच्या बाजूने एक गोष्ट: यंत्र ऐकत नाही. लय धरायची तर तुम्हालाच धरावी लागते. लॅपटॉप जोडून क्लॉक, म्हणजे लयीचा इशारा, बाहेरून घेत असाल तर यंत्राचा टेम्पो नॉब चालणारच नाही, तीही तक्रार घेऊन येऊ नका. आणि तुमचे नॉब कुठेही न अडता गोल फिरत राहत असतील तर ते एन्कोडर आहेत. मग पिकअपचं वरचं सगळं सोडून द्या आणि पॅटर्न बदलल्यावर त्या नॉबचं काम दुसऱ्या पानावर गेलंय का ते बघा.