युनिटी या गेम इंजिनात हाती आलेला कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) कोणत्या ऑब्जेक्टचा आहे, हे स्क्रिप्टमधून कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: गोळी शत्रूला लागते, ऑनट्रिगरएंटरमध्ये (ट्रिगरमध्ये काही शिरलं की युनिटी जे फंक्शन चालवतं त्यात) 'अदर' म्हणून एक कोलायडर मिळतो, पण पाच शत्रूंपैकी लागली कोणाला ते कळत नाही.

सरळ उत्तर एका ओळीचं आहे. अदर, मग डॉट, मग गेमऑब्जेक्ट. कोलायडर ज्याच्यावर बसवलाय तो ऑब्जेक्ट हातात येतो. लाइट असो, ऑडिओ सोर्स असो की तुमची स्वतःची स्क्रिप्ट, ऑब्जेक्टवर बसणारे हे सगळे भाग, म्हणजे कंपोनंट, कंपोनंट नावाच्या एकाच क्लासचे वारस, त्यामुळे ही प्रॉपर्टी प्रत्येकाला असते. फक्त त्यातलं पहिलं जी लहान लिहा. मोठं लिहिलंत तर ते क्लासचं नाव होतं आणि कंपायलर भांडायला उठतो. अदर डॉट नेम लिहिलंत तर जे नाव मिळतं तेही ऑब्जेक्टचंच. कंपोनंटला वेगळं नाव नसतं.

पण तुमचं खरं दुखणं पुढे आहे, असा माझा अंदाज आहे. कारण मीही तिथेच अडकलो होतो.

माझा झाँबी क्यूब जोडून केलेला होता. वर एक रिकामा ऑब्जेक्ट, त्यावर माझी स्क्रिप्ट, आणि खाली डोकं, धड, हात असे चाइल्ड, प्रत्येकाला आपापला कोलायडर. मी आधी लिहिलं डिस्ट्रॉय अदर. पहिली गोळी लागली, झाँबी ढिम्म. दुसरी तर डोक्यातून आरपार! तासभर गोळीचा वेग कमी-जास्त करत बसलो. घोळ एवढाच होता की मी ऑब्जेक्ट नाही, नुसता कोलायडर उडवत होतो. मग डॉट गेमऑब्जेक्ट जोडलं, तर डोकं गायब आणि धड तसंच चालत अंगावर. युनिटीचं काही चुकलं नव्हतं. कोलायडर डोक्याचा, म्हणून ऑब्जेक्टही डोक्याचाच मिळाला.

म्हणजे 'हा कंपोनंट कशावर बसलाय' हा एक प्रश्न आणि 'हा अवयव कोणाचा' हा दुसरा. दुसऱ्यासाठी अदरवर गेटकंपोनंटइनपेरंट वापरा आणि त्याला तुमच्या शत्रूच्या स्क्रिप्टचा टाइप द्या. ते आधी त्याच ऑब्जेक्टवर शोधतं, मग एकेक पायरी वर चढतं. नल आलं, म्हणजे काहीच सापडलं नाही, तर गोळी भिंतीला लागली असं समजा, पण ती नलची तपासणी विसरू नका. शत्रूच्या मुख्य ऑब्जेक्टवर रिजिडबॉडी (ऑब्जेक्टला फिजिक्स लावणारा कंपोनंट) असेल तर अदर डॉट अटॅच्डरिजिडबॉडीवरूनही तिथे पोचता येतं.

ट्रान्सफॉर्म डॉट रूट वापरा असंही कोणी सांगेल. मी नाही वापरत. हायरार्कीत, म्हणजे ऑब्जेक्टच्या यादीत, पसारा नको म्हणून आपण सगळे शत्रू एका रिकाम्या ऑब्जेक्टखाली ठेवतो, आणि तो सगळ्यात वरचा, म्हणून रूट नेमका तोच देतो. तो डिस्ट्रॉय केला की एका गोळीत सगळी फौज साफ.

ट्रिगर न वापरता साधी टक्कर, म्हणजे ऑनकोलिजनएंटर असेल, तर हिशेब जरा बदलतो. तिथे कोलिजन डॉट गेमऑब्जेक्ट रिजिडबॉडी असलेला ऑब्जेक्ट देतं, रिजिडबॉडी नसेल तरच कोलायडरचा. नेमका अवयव हवा असेल (डोक्याला जास्त मार वगैरे) तर कोलिजन डॉट कोलायडर घ्या.

आणि तपासताना नुसतं नाव छापू नका. एकाच प्रीफॅबमधून (तयार साच्यातून) इन्स्टँशिएट केलेल्या पाचही शत्रूंचं नाव सारखंच येतं, पुढे क्लोन लागलेलं. डीबग डॉट लॉगला मेसेजनंतर दुसरं आर्ग्युमेंट म्हणून अदर द्या. मग कन्सोलमधल्या त्या ओळीवर क्लिक केलं की हायरार्कीत तो नेमका ऑब्जेक्ट क्षणभर उजळतो.