सर्व्हिस सेंटरला पाठवायच्या आधी एवढं वाचा

"रात्री घरी झकास दिसलं, दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलमध्ये लावलं तर सगळ्या आकृत्या धुतल्यासारख्या. पीस डिफेक्टिव्ह आहे का? सर्व्हिस सेंटरला पाठवू का?" खिशातल्या प्रोजेक्टरबद्दलचा तुमचा हा प्रश्न वाचला आणि चार वर्षांपूर्वी मीच कुठेतरी टाकलेली पोस्ट परत वाचतोय असं वाटलं. मॉडेल वेगळं असेल, रडगाणं तेच. म्हणून जरा लांबण लावतो, चालवून घ्या.

पाठवू नका. निदान आज तरी नाही.

प्रशिक्षणाच्या निमित्ताने माझं फिरणं असतं. खिशात मावणारा प्रोजेक्टर घेतला, घरी चार्जर लावला, दिवे मालवले आणि कपाटाच्या पांढऱ्या दारावर चित्र पाडलं. अक्षरशः हरखून गेलो. दोन आठवड्यांनी पहिल्या सत्रात मागच्या रांगेतून आवाज आला, "सर, सुरू झालंय का?" सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती.

त्याच रात्री कंपनीला ईमेल केला. छापील उत्तर आलं: रीसेट करा, अपडेट करा, नाही तर पाठवून द्या. पाठवला. पाच आठवड्यांनी परत आला, सोबत चिठ्ठी: 'दोष आढळला नाही'. पुढच्या सत्रात पुन्हा तीच गत. पुन्हा पाठवला, पुन्हा तीच चिठ्ठी, या वेळी फक्त तारीख वेगळी. एवढ्या पत्रव्यवहारात एकाही माणसाने मला विचारलं नाही की चित्र केवढं मोठं पाडता, खोलीत उजेड किती असतो आणि प्रोजेक्टर चार्जरवर चालवता की बॅटरीवर. एवढं विचारायला तंत्रज्ञ लागत नाही हो! पण त्यांच्या फॉर्ममध्ये तो रकानाच नव्हता.

आणि माझी खरी घोडचूक इथे झाली. मी कंपनीच्या मागे लागलो आणि विकणाऱ्याला कळवलंच नाही. प्रोजेक्टर कुरिअरने इकडून तिकडे फिरत असताना परत करायची मुदत संपून गेली. विकणारा म्हणे मुदत गेली, कंपनी म्हणे दोष नाही. दोघंही कागदावर बरोबर, हेच जास्त झोंबलं.

बरं, दोष खरंच नव्हता. हिशोब मी नंतर बसून केला, तो असा. माझ्या यंत्राचा उजेड चार्जरवर २०० एएनएसआय लुमेन (लुमेन म्हणजे यंत्र एकूण किती उजेड फेकतं त्याचं माप, एएनएसआय ही तो मोजायची प्रमाण पद्धत). बॅटरीवर गेलं की ते आपोआप मंद होतं, जवळजवळ निम्मं. हे मॅन्युअलच्या शेवटाकडे बारीक टायपात लिहिलेलं होतं आणि मॅन्युअल मी उघडलंही नव्हतं. घरी चित्र ४० इंची होतं, म्हणजे क्षेत्रफळ ०.४४ चौरस मीटर. हॉलमध्ये बॅटरीवर चालवलं आणि हौसेने १०० इंची केलं, म्हणजे २.७६ चौरस मीटर. उजेड निम्मा, जागा सहापट. घरी दारावर ४५० लक्स (म्हणजे एका चौरस मीटरवर पडणारे लुमेन) पडत होते, हॉलच्या भिंतीवर जेमतेम ३६. आणि त्याच भिंतीवर खिडक्यांचा उजेड २०० लक्सच्या वर (फोनच्या अ‍ॅपने मोजलेला, त्यामुळे ढोबळच धरा).

प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही, हे आपण विसरतो. जिथे काळं हवं तिथे तो उजेड पाडायचं थांबतो, एवढंच. म्हणजे भिंत जेवढी उजळ, तेवढाच तुमचा काळा रंग उजळ. माझ्या हॉलमध्ये काळ्या भागावर २०० लक्स आणि पांढऱ्यावर २३६. दोन्हींत सव्वापटीचाही फरक नाही. मग अक्षरं दिसणार कशी?

एक सोपी युक्ती सांगतो. १६:९ मापाचं ६० इंची चित्र म्हणजे जवळपास बरोबर एक चौरस मीटर. त्यामुळे त्या आकाराला लुमेनचा आकडा हाच लक्सचा आकडा. थिएटरात पडद्याच्या उजळपणाचं मानक १४ फूट-लँबर्ट, म्हणजे सुमारे ४८ निट्स (दोन्ही पडद्यावरून डोळ्यांकडे येणाऱ्या उजेडाची मापं). साध्या मॅट पांढऱ्या पडद्यावर तेवढं मिळवायला १५० लक्स लागतात. म्हणजे खरे १५० लुमेन देणारं हातभर नव्हे, तळहाताएवढं यंत्र मिट्ट काळोखात ६० इंचांवर थिएटरइतकं उजळ दिसतं! म्हणून या यंत्रांना खेळणं म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. २००९ साली निकॉनने कॅमेऱ्यातच प्रोजेक्टर बसवला होता, त्याचे लुमेन होते फक्त १०. तिथून आपण बरेच पुढे आलोय.

वरचा 'खरे' हा शब्द मात्र जपून वाचा. खोक्यावर ९००० वगैरे लिहिलेलं असतं त्याला काही अर्थ नाही. एएनएसआय किंवा आयएसओ २१११८ (हीसुद्धा उजेड मोजायची प्रमाण पद्धत) असं स्पष्ट लिहिलं असेल तरच तो आकडा धरा. एएनएसआयच्या पद्धतीत चित्राच्या नऊ ठिकाणी मोजून सरासरी काढतात, नुसत्या मधल्या झगझगीत ठिपक्यावर भागत नाही. नुसतं 'लुमेन' लिहिलं असेल तर मी पुढे बघतही नाही. (वैयक्तिक मत. कुणाला चांगला अनुभव असेल तर आनंद आहे.)

'१०८० सपोर्ट' हीसुद्धा तसलीच गंमत. तेवढ्या रेझोल्युशनचा व्हिडिओ ते आत घेतं, एवढाच त्याचा अर्थ. आतली चिप बरेचदा ८५४ बाय ४८० ची असते, म्हणून 'नेटिव्ह', म्हणजे चिपचा स्वतःचा, आकडा शोधा. व्हिडिओला ४८० चालून जातं, पण वीस रकान्यांचा तक्ता लावाल तर मागच्यांनी डोळे फोडून घ्यायचे. त्यात यंत्र एका बाजूला ठेवून कीस्टोनने (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायच्या सोयीने) चित्र सरळ केलंत, की चिपच्या कडेचे पिक्सेल वाया जातात, उजेडही जातो. खाली ट्रायपॉडची आटी असते ती वापरा आणि भिंतीच्या बरोबर समोर उभं करा. तापल्यावर फोकस किंचित सरकतो, म्हणून दहा मिनिटांनी परत बघा. गादी-उशीवर ठेवू नका, हवेची भोकं बुजतात. मग पंखा किंचाळतो आणि यंत्र स्वतःहून मंद होतं किंवा बंद पडतं.

अवांतर: फोनवरून मिररिंग करून (फोनचा पडदा जसाच्या तसा प्रोजेक्टरवर दाखवून) सिनेमा लावलात आणि आवाज आला पण चित्र काळंच राहिलं, तर तोही बिघाड नाही. कॉपी होऊ नये म्हणून अ‍ॅपनेच ते अडवलेलं असतं. यासाठी मी तिसऱ्यांदा पार्सल बांधायच्या बेतात होतो! तसंच, टाइप-सी आहे म्हणून प्रत्येक फोन केबलने चित्र देतोच असं नाही. त्यात डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड (टाइप-सीमधून चित्र बाहेर पाठवायची सोय) लागतो आणि पुष्कळ फोनांत तो नसतो. सत्रासाठी मी तरी सगळं पीडीएफ आणि व्हिडिओ करून पेन ड्राइव्हवर नेतो. फाँट विस्कटायचा प्रश्न नाही आणि वायफायची भीक मागायला नको.

पॉवर बँक लावणार असाल तर नुसते एमएएच (क्षमतेचा आकडा) बघू नका. तुमच्या यंत्राला लागणारे व्होल्ट आणि वॉट ती देते का ते तपासा, नाही तर लावूनही उजेड मंदच राहील. २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॉट-तास, विमानातल्या नेहमीच्या १०० वॉट-तासांच्या मर्यादेत बसते. पण ती हातातल्या बॅगेत ठेवायची, चेक-इनच्या सामानात नाही.

दुपारी, उघड्या खिडक्या, तीस माणसं, हे काम या यंत्राचं नाहीच. तिथे हॉलचा टीव्ही किंवा तीन-साडेतीन हजार लुमेनचा मोठा प्रोजेक्टर मागून घ्या, लाज वाटू देऊ नका. आठ-दहा माणसं असतील तर पडदे ओढा, चित्र ४० इंचांवर आणा, जाड अक्षर आणि पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळा मजकूर ठेवा. काळ्या पार्श्वभूमीच्या त्या देखण्या स्लाइड या उजेडात मरतात. आणि माझा अजून विकला न गेल्याचं कारण विचाराल तर ते छत आहे. आडवं पडून छतावर सिनेमा बघायचं सुख कुठला टीव्ही देणार?

आता तुमच्यापुरतं. आज रात्री अंधारात, चार्जर लावून, ६० इंची चित्र पाडा. मग चार्जर काढून तेच चित्र बघा. अंधारातही एखादा कोपरा धूसर राहत असेल, रंगाचा डाग दिसत असेल किंवा जागचा न हलणारा पांढरा ठिपका असेल, तर तो खरा दोष. मग आधी विकणाऱ्याला लेखी कळवा, फोटो जोडा, कंपनी नंतर. परत करायची शेवटची तारीख कधी आहे, ते तर हे वाचून झाल्या झाल्या बघा.

आणि इथे खाली लिहा: हॉलमध्ये चित्र किती इंची होतं, खिडक्यांना पडदे होते का, आणि चार्जर लावला होता की बॅटरी? तिन्ही कळलं की पुढचं बोलू.